रस्ता, दंड आणि दाद

इंग्लंडांत रस्त्यावर गाडी उभी ठेवल्याबद्दल शिक्षा होण्याचा प्रकार मोटारीपेक्षां बराच जुना आहे. इ. स. १८१२ मध्यें लंडनच्या चेअरिंग क्रॉस भागांत प्रवाशांची वाट पाहत पाऊण पाऊण तास घोड्यांच्या गाड्या उभ्या ठेवणाऱ्या एका मालकावर सार्वजनिक उपद्रवाचा खटला झाला व त्यांत तो दोषी ठरला. राजमार्ग हा कोणाच्याहि तबेल्याचें अंगण नव्हे, असा त्या वेळच्या लॉर्ड एलेनबरो या मुख्य न्यायाधीशांच्या निर्वाळ्याचा आशय होता. या लहानशा खटल्यांत एक तत्त्व होतें आणि एक पद्धत होती. तत्त्व असें कीं, रस्ता हा जाण्यायेण्यासाठीं आहे, मुक्कामासाठीं नाहीं. पद्धत अशी कीं, तक्रार करणारा एक, न्याय देणारा दुसरा आणि दंडाची रक्कम जमा करून घेणारा तिसरा. तत्त्व आजहि जसेंच्या तसें टिकून आहे. पद्धत मात्र गेल्या शतकांत पार पालटली. आणि ती पालटत असतां सामान्य नागरिकाच्या हातून काय गेलें व त्याला काय परत मिळालें, हा इतिहास दंडाची रक्कम किरकोळ असली तरी किरकोळ नाहीं.

मोटारी आल्यानंतरहि बराच काळ जुनीच पद्धत चालू होती. भलत्या ठिकाणीं गाडी उभी करणें हा गुन्हा असे. पोलिसानें तो पाहावा, समन्स काढावें, मॅजिस्ट्रेटपुढें साक्ष द्यावी आणि मॅजिस्ट्रेटनें दंड सांगावा. गाड्या थोड्या होत्या तोंवर हें निभावलें. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५० च्या मे महिन्यांत पेट्रोलचें रेशनिंग उठलें आणि रस्त्यांचें रूपच बदललें. ब्रिटनमधील खासगी मोटारींची संख्या १९५० सालीं सुमारें वीस लाख होती, ती १९६० पर्यंत पन्नास लाखांच्या घरांत गेली. रस्ते मात्र घोड्यांच्या काळांत आंखलेले, तेवढेच रुंद राहिले. गाडी चालविण्यापेक्षां ती ठेवावी कोठें, हाच मोठा प्रश्न होऊन बसला.

या प्रश्नाला पहिलें उत्तर अमेरिकेंतून आलें. ओक्लाहोमा सिटी या शहरांत कार्ल मॅगी नांवाच्या वृत्तपत्र-संपादकाच्या कल्पनेतून तयार झालेलें नाणें टाकण्याचें यंत्र १६ जुलै १९३५ रोजीं रस्त्याच्या कडेला उभें राहिलें. लंडनला तें पोंचावयास तेवीस वर्षें लागलीं. १० जुलै १९५८ रोजीं वेस्टमिन्स्टरमधील मेफेअर या श्रीमंत वस्तींत सहाशेंवर मीटर सुरू झाले. तासाला सहा पेन्स हा दर. वेळ उलटली तर दहा शिलिंग जादा. त्यापलीकडे दोन पौंड दंड. रस्त्याच्या कडेची जागा ही तेव्हांपासून घड्याळाच्या मापानें विकली जाऊं लागली. सार्वजनिक मार्गाचा तुकडा भाड्यानें मिळतो, ही कल्पना त्या काळीं अनेक इंग्रज गृहस्थांना चमत्कारिक वाटली; पुढें ती इतकी अंगवळणी पडली कीं, तिच्यांत कांहीं नवल आहे हेंच लोक विसरले.

दुसरा बदल याहून खोल होता. १९६० च्या कायद्यानें पोलिसांच्या मदतीला ट्रॅफिक वॉर्डन नांवाचा नवा नोकरवर्ग निर्माण केला, आणि त्याच्या हातांत ठराविक दंडाची चिठ्ठी दिली. दोन पौंड भरा, म्हणजे खटला नाहीं, साक्ष नाहीं, कोर्टाची पायरी नाहीं. भरावयाचे नसतील तर मॅजिस्ट्रेटपुढें उभे राहा, अशी ही योजना होती. वरवर पाहतां यांत दोन्ही बाजूंची सोय होती. पण सोयीबरोबर एक मेखहि मारली गेली. आजपर्यंत आरोप सिद्ध झाल्यावर दंड होत असे. आतां दंड आधीं गाडीच्या कांचेवर येऊन चिकटे, आणि आपण निर्दोष आहों हें दाखविण्याची धडपड नागरिकाला मागाहून करावी लागे. कायद्याच्या पुस्तकांत गुन्हा शाबीत करण्याचा भार अद्याप सरकारवरच होता. व्यवहारांत तो गुपचूप गाडीवाल्याच्या खांद्यावर सरकला.

ही अडचण अगदीं पहिल्याच दिवशीं उघडी पडली. १९ सप्टेंबर १९६० रोजीं लंडनच्या रस्त्यांवर वॉर्डन प्रथम फिरूं लागले, आणि त्या एका दिवसांत त्यांनीं ३४४ चिठ्ठ्या लावल्या. पहिली चिठ्ठी ज्याच्या वांट्यास आली तो एक डॉक्टर होता. वेस्ट एंडमधील एका हॉटेलांत हृदयविकाराचा झटका आलेल्या रोग्याला पाहण्यासाठीं तो धांवत गेला होता आणि गाडी बाहेर उभी होती. वर्तमानपत्रांतून गिल्ला झाला आणि त्याचा दंड माफ करण्यांत आला. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचाच तो प्रकार म्हणावयाचा. परंतु त्या डॉक्टराला न्याय मिळाला तो लोकांच्या हळहळीमुळें; नियमानें नव्हे. ज्याची हकीकत वर्तमानपत्रांत छापून येत नाहीं अशा माणसानें काय करावें, या प्रश्नाचें उत्तर नीटसें मिळावयास आणखी तेहतीस वर्षें जावयाचीं होतीं.

मधल्या काळांत न्यायालयांनीं नागरिकाच्या हातीं एक उपयोगी शस्त्र दिलें. रस्त्यावर आंखलेल्या पांढऱ्या रेघांसंबंधीं १९७१ सालीं एक खटला झाला. त्यांत असें ठरलें कीं, कायद्यानें नेमून दिलेल्या नमुन्याप्रमाणें रेघा आंखलेल्या नसतील तर त्या मोडल्याबद्दल मोटारवाल्याला दोषी धरतां येत नाहीं, मग त्या रेघांचा अर्थ त्याला स्पष्ट कळलेला असला तरीहि. म्हणजे नियमाचें बंधन जसें प्रजेवर, तसेंच नियम करणाऱ्यावर. पाटी वेलीखालीं झांकलेली, पिवळी रेघ पुसट झालेली, फलकावरची वेळ एक व चिठ्ठीवरची दुसरी, अशा गोष्टी तेव्हांपासून गाडीवाल्याच्या कामास येऊं लागल्या. उलट बाजूस १९७४ च्या कायद्यानें सरकारचाहि हात बळकट केला: गाडी कोणीं उभी केली हें सिद्ध करीत बसण्याऐवजीं गाडीच्या मालकालाच दंडाला जबाबदार धरण्याची वाट मोकळी झाली.

यानंतर आला तो १९९१ चा कायदा, आणि या इतिहासांतील खरा सांधा येथें बदलला. लंडनच्या पोलिसांना गाड्या मोजण्यापेक्षां महत्त्वाचीं कामें पुष्कळ होतीं. बेशिस्त गाड्यांनीं रस्ते तुंबत होते आणि दंड वसूल होत नव्हते. म्हणून गाडी चुकीच्या जागीं उभी करणें हा गुन्हाच राहूं नये, तो एक दिवाणी प्रमाद समजावा, आणि त्याचा दंड स्थानिक नगरपालिकांनीं म्हणजे कौन्सिलांनीं आपल्या माणसांकरवीं वसूल करावा, असें ठरलें. १९९३ पासून लंडनच्या निरनिराळ्या विभागांत ही पद्धत सुरू झाली व १९९४ मध्यें ती सर्व शहरभर पसरली. लंडनबाहेर विंचेस्टर या जुन्या गांवानें १९९६ मध्यें तिचा पहिला स्वीकार केला. पुढें २००४ च्या वाहतूक-व्यवस्था कायद्याखालीं २००८ पासून इंग्लंडांत या पद्धतीची नवी घडी बसविण्यांत आली.

या बदलाचा अर्थ नीट ध्यानांत घेतला पाहिजे. पूर्वीं दंड सरकारी खजिन्यांत जाई आणि दोषी कोण हें मॅजिस्ट्रेट ठरवी. आतां गाडी कोठें उभी करूं नये हें कौन्सिल ठरवितें. चिठ्ठी लावणारा मनुष्य कौन्सिल नेमतें. तक्रार गेली तर ती प्रथम कौन्सिलच वाचतें. आणि पैसे कौन्सिलच्याच पेटींत पडतात. एकाच घरांत फिर्यादी, बेलीफ आणि न्यायाधीश नांदूं लागले, आणि न्यायाचा सौदा त्या घराच्या फायद्याचा झाला.

इंग्रजी कायद्याला हा प्रश्न नवा नव्हता. सुमारें चारशें वर्षांपूर्वीं टॉमस बॉनहम नांवाचा केंब्रिजचा पदवीधर वैद्य लंडनमध्यें धंदा करूं लागला. तेथील वैद्यांच्या कॉलेजाचा परवाना त्याच्याजवळ नव्हता. कॉलेजानें १६०६ मध्यें त्याला प्रथम पांच पौंड, मग दहा पौंड दंड ठोठावला आणि अखेर तुरुंगांत टाकलें. बॉनहमनें बेकायदा कैदेबद्दल दावा लावला. सर एडवर्ड कोक या प्रसिद्ध न्यायाधीशानें १६१० मध्यें त्याच्या बाजूनें निकाल देतांना एका गोष्टीकडे बोट दाखविलें: दंडाची अर्धी रक्कम राजाला आणि अर्धी कॉलेजाला मिळत होती. समन्स काढणारा, निकाल देणारा आणि दंडांत वांटा घेणारा एकच असूं शकत नाहीं. कोणीहि स्वतःच्या दाव्यांत न्यायाधीश होऊं नये, असें त्यानें सांगितलें. कोकच्या त्या निकालांतील वर्णन १९९१ नंतरच्या कौन्सिलाला जवळ जवळ अक्षरशः लागू पडतें.

पार्लमेंटला याची जाणीव नव्हती असें नाहीं. म्हणूनच त्याच कायद्यांत एक तोल घातला गेला. कौन्सिलानें तक्रार फेटाळली तर नागरिकाला एका स्वतंत्र निवाडाधिकाऱ्याकडे अपील करण्याचा हक्क मिळाला. हे निवाडाधिकारी अनुभवी कायदेपंडित असतात, आणि त्यांच्या नेमणुकीस लॉर्ड चॅन्सेलरची संमति लागते. लंडनसाठीं एक न्यायाधिकरण आणि उरलेल्या इंग्लंड व वेल्ससाठीं दुसरें, अशी वांटणी आहे. या न्यायाधिकरणांचा खर्च कौन्सिलांकडूनच येतो, यावर टीका झालेली आहे, आणि ती अगदींच अस्थानीं नाहीं. तथापि निकालांकडे पाहिलें तर ही संस्था कौन्सिलांची बटीक ठरलेली नाहीं. वर्षानुवर्षांच्या अहवालांत अपिलांचा मोठा भाग गाडीवाल्यांच्या बाजूनें लागलेला दिसतो. आणि त्यांतील बऱ्याच प्रकरणांत तर अपील दाखल होतांच कौन्सिल लढण्याचा नाद सोडून देतें. जी तक्रार कौन्सिलाच्या कचेरींत दोनदां नामंजूर होते, तीच तिऱ्हाइताच्या नजरेसमोर जाण्याची वेळ आली कीं एकदम मान्य होते, यांतच स्वतंत्र न्यायाची खरी किंमत दिसून येते.

दाद मागण्याची वाट अशी आहे. चिठ्ठी गाडीवर लागल्यापासून चौदा दिवसांत पैसे भरले तर निम्मी रक्कम माफ होते. लंडनबाहेर इंग्लंडांत २००८ च्या पद्धतीनें गंभीर प्रमादाला सत्तर पौंड व सौम्य प्रमादाला पन्नास पौंड, अशा दोन पायऱ्या आहेत. लंडनमध्यें रकमा याहून बऱ्याच अधिक आहेत. याच चौदा दिवसांत साधें पत्र लिहून चिठ्ठीस हरकत घेतां येते. ती नाकारली गेली आणि पैसेहि भरले नाहींत, तर गाडीच्या मालकाला रीतसर नोटीस येते. तिच्यापासून अठ्ठावीस दिवसांत लेखी म्हणणें मांडावें लागतें. कौन्सिलानें छप्पन्न दिवसांत उत्तर दिलें नाहीं तर तें म्हणणें मान्य केलें असें समजलें जातें. उत्तर नकाराचें आलें तर पुन्हां अठ्ठावीस दिवसांत निवाडाधिकाऱ्याकडे जातां येतें. अपिलाला फी नाहीं, वकिलाची गरज नाहीं, आणि उगाच छळण्यासाठीं अपील केल्याचें दिसलें नाहीं तर हरल्यावर दुसऱ्या बाजूचा खर्चहि डोक्यावर बसत नाहीं. पण हातांवर हात ठेवून बसणाऱ्याला मात्र ही पद्धत क्षमा करीत नाहीं. मुदत टळली कीं दंड दीडपट होतो, आणि नंतर नॉर्दॅम्प्टन येथील काउंटी कोर्टाच्या कचेरींत त्याची नोंद होऊन बेलीफ दारांत येऊं शकतो.

या वाटेवरचा सर्वांत मोठा अडथळा कायद्याचा नाहीं, मनाचा आहे. निम्म्या रकमेची सवलत हें आमिष फार चतुर आहे. आपण बरोबर आहों असें शंभर टक्के वाटत असलें तरी पस्तीस पौंड देऊन मोकळें व्हावें, कीं सत्तर पौंडांचा धोका पत्करून महिना दोन महिने पत्रें लिहीत बसावें, असा हिशेब संसारी माणूस करतो. आणि बहुतेक वेळां मुकाट्यानें पैसे भरतो. एकेकट्याच्या दृष्टीनें हा शहाणपणा आहे. सर्वांच्या दृष्टीनें पाहिलें तर, पाटी चुकीची असली तरी पैसे येतातच, असा धडा कौन्सिलाला त्यांतून मिळतो.

हा धडा पुसून काढण्याचें काम कांहीं हट्टी माणसांनीं केलें. उत्तर लंडनमधील बार्नेट कौन्सिलाच्या चिठ्ठीवर प्रमादाची तारीख होती, पण कायद्यानें मागितलेली चिठ्ठी दिल्याची तारीख जेथें हवी तेथें नव्हती. एका निवृत्त वकिलानें ही उणीव दाखविली आणि निवाडाधिकाऱ्यानें त्याचें म्हणणें मान्य केलें. कौन्सिलानें हायकोर्टाकडे धांव घेतली. दोन्ही तारखा बहुधा एकच असतात, मग नागरिकाचें नुकसान तें काय झालें, असा त्याचा सवाल होता. न्यायमूर्ति जॅक्सन यांनीं २००६ च्या ऑगस्टमध्यें तो फेटाळला. नुकसान झालें कीं नाहीं हा प्रश्नच उद्भवत नाहीं; कायद्यानें घातलेल्या अटी पाळल्याखेरीज दंड मागतां येत नाहीं, असा त्या निकालाचा सारांश आहे.

न्यायालयांनीं प्रत्येक युक्तिवाद मात्र उचलून धरला नाहीं. १६८९ च्या हक्कांच्या सनदेंत, दोषी ठरण्यापूर्वीं कोणाहि व्यक्तीच्या दंडाचें दान किंवा वचन देणें बेकायदा आहे, असें एक कलम आहे. त्याच्या आधारें कौन्सिलांचे सगळे दंडच रद्द ठरवावेत असा प्रयत्न झाला, पण तो टिकला नाहीं. संडरलंड शहरांतील पाट्या व रेघांच्या बारीकसारीक चुकांवर उभारलेला दावाहि २०११ मध्यें अपील कोर्टांत कोसळला. चूक क्षुल्लक असेल आणि तिनें कोणाची दिशाभूल होत नसेल तर दंड उभा राहतो, असें तेथें ठरलें. म्हणजे न्यायालयांनीं कौन्सिलाला अक्षर पाळावयास लावलें, आणि नागरिकाला अक्षराच्या आडून पळण्यास मज्जाव केला. हा तोल नाजूक आहे, आणि प्रत्येक नव्या अपिलांत तो पुन्हां सांभाळावा लागतो.

सर्वांत दूरगामी लढा पुन्हां बार्नेटमध्येंच झाला. तेथें २०११ मध्यें रहिवाशांना आपल्याच दारापुढें गाडी ठेवण्याच्या परवान्याचें वार्षिक शुल्क चाळीस पौंडांवरून शंभरावर गेलें, आणि पाहुण्यांसाठींच्या कुपनाची किंमत एका पौंडावरून चारावर गेली. रस्त्यांच्या इतर खर्चांची तोंडमिळवणी व्हावी, हा कौन्सिलाचा हेतु होता. एका रहिवाशानें शेजाऱ्यांच्या पाठिंब्यानें हायकोर्टांत आव्हान दिलें. २२ जुलै २०१३ रोजीं न्यायमूर्ति श्रीमती लँग यांनीं निकाल दिला कीं, गाड्या ठेवण्याविषयींचा १९८४ चा कायदा हा वाहतुकीच्या नियमनासाठीं आहे. कर बसविण्याचा तो मार्ग नव्हे. शुल्कवाढ बेकायदा ठरली. रस्त्याच्या कडेचा पैसा हें नियमनाचें साधन असावें, कौन्सिलाची दुभती गाय असूं नये, ही सामान्य माणसाची जुनी तक्रार या निकालानें कायद्याच्या भाषेंत मांडली गेली. पुढें २०१५ मध्यें सरकारनेंहि बहुतेक ठिकाणीं केवळ कॅमेऱ्यावरून चिठ्ठ्या पाठविण्यास बंदी केली, आणि मुदतीची जागा सोडण्यास उशीर झाल्यास दहा मिनिटांची सवलत दिली.

एक उणीव मात्र राहतेच. निवाडाधिकारी कायद्याप्रमाणें निकाल देतो. त्याला दया दाखविण्याचा अधिकार नाहीं. गाडी चुकीच्या जागीं उभी होती, पण घरांत कोणी मरणोन्मुख होतें, अशा वेळीं कायदा कौन्सिलाच्याच बाजूचा असतो. २००८ पासून अशा प्रसंगीं सबळ कारणें दिसलीं तर दंड मागें घ्यावा अशी शिफारस निवाडाधिकाऱ्याला कौन्सिलाकडे करतां येते. ती मानणें कौन्सिलावर बंधनकारक नाहीं. पण तिचा विचार करणें आणि नाकारल्यास कारण सांगणें त्याला भाग आहे. १९६० च्या डॉक्टराला जें वर्तमानपत्रांच्या कृपेनें मिळालें, तें मागण्याचा मार्ग तरी आतां निनांवी माणसालाहि मोकळा आहे.

गाडी वाटेल तेथें उभी करण्याचा हक्क कोणालाहि नाहीं. अपंगाच्या जागेवर, आगीच्या बंबाच्या वाटेवर, शाळेच्या दारांत गाडी लावणाऱ्याला दंड व्हावाच. चेअरिंग क्रॉसच्या गाडीमालकाला झाला तसाच व्हावा. परंतु दंड करणाऱ्या हातालाहि कोणाला तरी जाब द्यावा लागला पाहिजे. तो जाब आपोआप विचारला जात नाहीं. कोणी तरी घरीं येऊन चिठ्ठी नीट वाचतो, दुसऱ्या दिवशीं परत जाऊन पाटीचें छायाचित्र घेतो, तारखा जुळवून पाहतो, आणि पस्तीस पौंडांत सुटका मिळत असतांना सत्तर पौंडांची जोखीम पत्करून पत्र लिहावयास बसतो. अशा एका पत्रानें पाटी बदलते, रेघ नव्यानें आंखली जाते, आणि त्या जागीं पुढें गाडी लावणाऱ्या शेंकडों लोकांना, कोणामुळें आपण वांचलों हें ठाऊक नसतांना, त्या पत्राचा लाभ मिळत राहतो.